जुन्या बंगल्याचे मोल कसे ठरते?

वडाळा, माटुंगा, दादर या पट्ट्यात उंच इमारतींच्या दाटीत अजूनही एखादा जुना स्वतंत्र बंगला उभा दिसतो. पुढे पोर्च, मागे विहीर, सागवानी जिना, रंगीत काचांच्या खिडक्या आणि कुंपणालगत नारळाची दोन-चार झाडे, असे त्याचे रूप असते. बांधणारी पिढी केव्हाच काळाच्या पडद्याआड गेलेली असते. पुढची पिढी थकलेली असते आणि तिसरी पिढी पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात स्थायिक झालेली असते. मग केव्हा तरी तो प्रश्न निघतोच : या घराची किंमत किती?

प्रश्न सोपा असला तरी त्याचे उत्तर सरळ नसते. एकाच बंगल्यासाठी दलाल एक आकडा सांगतो, विकासक दुसरा, तर सरकारी तक्ता तिसरा. न्यायालयात सादर झालेल्या दोन अहवालांत कोट्यवधींची तफावत आढळते. यात प्रत्येक वेळी लबाडीच असते असे मानण्याचे कारण नाही. बहुधा प्रत्येकाने वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर दिलेले असते. घराचे मोल ठरविण्यापूर्वी ते कशासाठी आणि कोणत्या हक्काचे ठरवायचे आहे, हे निश्चित करावे लागते. बरीचशी कुटुंबे ही पायरी ओलांडून थेट आकड्याकडे जातात आणि तेथेच फसतात.

किंमत एक, हेतू अनेक

बाजारमूल्याची सर्वमान्य व्याख्या अशी : विकण्यास राजी असलेला, पण विकण्याची निकड नसलेला मालक आणि घेण्यास राजी असलेला, पण घेण्याची सक्ती नसलेला ग्राहक, दोघांनाही मालमत्तेची पुरेशी माहिती असताना ज्या रकमेवर एकमत होतील ती रक्कम. ही व्याख्या भूसंपादनापासून प्राप्तिकरापर्यंत सर्वत्र पायाभूत मानली जाते. मात्र हेतूनुसार तिचा वापर बदलतो.

बँक कर्जासाठी मूल्यांकन करवते तेव्हा तिला कर्ज बुडाल्यास घाईने विकून किती रक्कम हाती येईल, यात रस असतो. विमा कंपनीला जमिनीशी कर्तव्य नसते. तिला फक्त इमारत पुन्हा उभारण्याचा खर्च हवा असतो. मुद्रांक शुल्कासाठी शासनाचा वार्षिक मूल्यदर तक्ता, म्हणजेच रेडी रेकनर प्रमाण धरला जातो. कुटुंबातील वाटणीसाठी लागणारे मूल्य आणखी वेगळे, कारण तेथे घर विकायचेच आहे असे नसते. एकाने ते ठेवून घ्यायचे आणि इतरांना पैसे द्यायचे, असाही मार्ग असतो. भांडवली नफ्याच्या करासाठी तर आजचे नव्हे, १ एप्रिल २००१ या दिवसाचे मूल्य शोधावे लागते. एका अहवालाने ही सारी कामे भागत नाहीत.

आधी जमीन कोणाची ते पाहावे

मुंबई शहरात बंगला स्वतःचा असला तरी त्याखालची जमीन स्वतःची असेलच असे नाही. वडाळ्यात तर हा मुद्दा निर्णायक ठरतो. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाले. दाट वस्तीच्या दक्षिण मुंबईतील लोकांना उत्तरेकडे मोकळ्या हवेत वसविण्यासाठी या मंडळाने दादर-माटुंगा आणि शीव-माटुंगा योजना आखल्या. पाच बगिच्यांचा परिसर, हिंदू कॉलनी, मंचेरजी जोशी यांच्या प्रयत्नांतून उभी राहिलेली पारशी कॉलनी ही त्यांचीच फळे. भूखंड बहुतेक करून विकले न जाता दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले गेले. १९३३ मध्ये हे मंडळ मुंबई महापालिकेत विलीन झाले आणि पट्टादात्याची भूमिका महापालिकेकडे आली.

वडाळ्याच्या पूर्व बाजूला बंदराच्या मालकीची मोठी जमीन आहे. १८७३ मध्ये स्थापन झालेला पोर्ट ट्रस्ट आता मुंबई बंदर प्राधिकरण या नावाने ओळखला जातो. त्यापलीकडे केंद्राच्या अखत्यारीतील मिठागरांच्या जमिनी आहेत. याशिवाय काही भूखंड जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेले आहेत, तर काही पूर्ण खासगी मालकीचे आहेत. अभिलेखांच्या दृष्टीनेही वडाळ्याचा परिसर एकसंध नाही. दादर-नायगाव, माटुंगा आणि सॉल्ट पॅन अशा वेगवेगळ्या महसुली विभागांत तो विभागला गेला आहे. 'वडाळ्यातला दर' असे काही सरसकट सांगता येत नाही, त्याचे हे पहिले कारण.

भाडेपट्ट्याच्या जमिनीवरील बंगल्याचे मूल्य काढताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पट्ट्याची मुदत किती उरली आहे? हस्तांतरणासाठी पट्टादात्याची परवानगी लागते का आणि त्यासाठी किती अधिमूल्य भरावे लागते? तिसरे, बांधकामाच्या वापरावर, उंचीवर किंवा राहणाऱ्यांवर कोणत्या अटी आहेत? ९९९ वर्षांचा पट्टा व्यवहारात मालकीच्या जवळ जातो. मुदत संपत आलेला ९९ वर्षांचा पट्टा मात्र मूल्याला मोठी गळती लावतो. बंदराच्या जमिनींवरील भाडेवाढीचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. जमशेद होर्मुसजी वाडिया खटल्यात २००४ मध्ये न्यायालयाने सांगितले की सार्वजनिक संस्थेने जमीनमालक म्हणूनही वाजवीपणेच वागले पाहिजे. केवळ नफेखोरी हा तिचा हेतू असू शकत नाही. तरीही भाडेवाढीची शक्यता असलेल्या जमिनीवर ग्राहक कमीच बोली लावतो.

समाजविशिष्ट वसाहतींमध्ये खरेदीदारांचे वर्तुळच मर्यादित असते. अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व पारशी समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरविला. अशा अटीचे सामाजिक मूल्य समाजाला महत्त्वाचे वाटत असेल. पण बाजारमूल्याच्या हिशेबात ग्राहक कमी म्हणजे किंमत कमी, हे सूत्र टळत नाही.

मूल्यांकनाच्या चार वाटा

पहिली वाट तुलनेची. शेजारी अलीकडे तसाच बंगला विकला गेला असेल, तर त्याच्या दरात क्षेत्रफळ, रस्ता, काळ आणि हक्क यांनुसार फेरफार करून आपला दर काढायचा. सदनिकांसाठी ही पद्धत उत्तम, कारण नोंदणी कार्यालयातील 'इंडेक्स टू'वरून डझनावारी व्यवहार सापडतात. स्वतंत्र बंगल्यांचे व्यवहार मात्र विरळ असतात आणि त्यांतले कित्येक नात्यातले किंवा तडजोडीचे असल्याने तुलनेस निरुपयोगी ठरतात.

दुसरी वाट जमीन आणि इमारत वेगळी मोजण्याची. जमिनीचा दर वेगळा धरायचा. इमारत आज नव्याने बांधण्याचा खर्च काढून त्यातून वयोमानानुसार घसारा वजा करायचा. सरकारी तक्त्याच्या हिशेबाचा पायाही हाच आहे. येथे मालकाला पहिला धक्का बसतो. आजोबांनी हौसेने आणलेले ब्रह्मदेशी साग, नक्षीच्या फरश्या, कमानींवरील चुन्याचे काम यांची किंमत घसाऱ्यानंतर जवळजवळ उरत नाही. समजा ५०० चौरस मीटरचा बंगला पुन्हा उभारण्यास चौरस मीटरला ३० हजार रुपये लागतील. खर्च दीड कोटी झाला. ७० टक्के घसारा वजा केला, की इमारतीच्या वाट्याला अवघे ४५ लाख येतात.

तिसरी वाट उत्पन्नाची. वार्षिक निव्वळ भाड्याला ठरावीक पटीने गुणून मूल्य काढायचे. भाडेनियंत्रणाखालील घरांत ही पद्धत विचित्र उत्तरे देते. १९४७ च्या भाडे कायद्याने प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी जखडून ठेवले होते. ही गोठवणूक काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात नमूद केले. त्यानंतर आलेल्या १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, परंतु मूळ आकडाच इतका लहान की त्यावरून काढलेले मूल्य आणि बाजारातील मूल्य यांचा मेळ बसत नाही.

चौथी वाट अवशिष्ट मूल्याची आणि मुंबईत प्रत्यक्षात हीच चालते. विकासक मनातल्या मनात बंगला पाडून टाकतो, त्या जागी किती चौरस मीटर बांधता येईल व ते कितीला विकले जाईल हे काढतो, सर्व खर्च आणि आपला नफा वजा करतो आणि उरलेली रक्कम जमिनीसाठी देऊ करतो. वडाळ्यातच याचे ठळक उदाहरण घडले. २०१० मध्ये एमएमआरडीएने वडाळा ट्रक टर्मिनल परिसरातील भूखंडासाठी बोली मागविल्या, तेव्हा लोढा समूहाची सुमारे ४,०५० कोटी रुपयांची बोली सर्वोच्च ठरली. तिचा दर जमिनीच्या नव्हे, तर बांधता येणाऱ्या क्षेत्राच्या चौरस मीटरला सुमारे ८१ हजार रुपये असा होता. मुंबईत जमीन विकली जाते म्हणजे खरे तर तिच्यावर बांधण्याचा हक्क विकला जातो.

चटईक्षेत्राचा हिशेब

मुंबई शहरात मूळ चटईक्षेत्र निर्देशांक १.३३ आहे. २०१८ मध्ये मंजूर झालेल्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने त्यावर रस्त्याच्या रुंदीनुसार वाढीव क्षेत्र देऊ केले. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर काहीच वाढ नाही. ९ ते १२ मीटर रस्त्यावर एकूण २.०, १२ ते १८ मीटरवर २.४, १८ ते २७ मीटरवर २.७ आणि त्याहून रुंद रस्त्यावर ३.० अशी मर्यादा ठरली. याखेरीज अधिमूल्य भरून ३५ टक्के फंजिबल क्षेत्र मिळू शकते. एखाद्या वसाहतीला किंवा भूखंडाला लागू असलेल्या खास अटींनी हे आकडे आणखी खाली येऊ शकतात.

काल्पनिक आकडे घेऊन हिशेब पाहू. भूखंड १,००० चौरस मीटरचा, रस्ता १२ मीटरचा. निर्देशांक २.४ प्रमाणे २,४०० आणि फंजिबलसह ३,२४० चौरस मीटर बांधकाम. त्यातून विक्रीयोग्य ३,००० चौरस मीटर, दर अडीच लाख रुपये. म्हणजे विक्री ७५ कोटींची. बांधकामाचा खर्च १६.२ कोटी, टीडीआर, अधिमूल्य व पालिकेची शुल्के १५ कोटी, वास्तुविशारद, जाहिरात व दलाली ४ कोटी, व्याज ६ कोटी आणि विक्रीच्या २० टक्के दराने विकासकाचा नफा १५ कोटी. बेरीज ५६.२ कोटी. जमिनीसाठी उरले १८.८ कोटी.

आता विक्रीचा दर केवळ १० टक्क्यांनी वाढला असे धरा. विक्री ८२.५ कोटी होते, नफा १६.५ कोटी, बाकी खर्च तेवढेच. जमिनीचे मूल्य २४.८ कोटींवर जाते. दर १० टक्क्यांनी घसरला, तर तेच मूल्य १२.८ कोटींवर येते. सदनिकांच्या दरातील १० टक्क्यांच्या हेलकाव्याने जमिनीचे मूल्य सुमारे ३२ टक्क्यांनी हलते. तेजीत जमीनमालकाच्या अपेक्षा गगनाला भिडतात आणि मंदीत व्यवहारच थांबतात, त्यामागे हे साधे अंकगणित आहे. परवानग्या रखडून व्याज ६ वरून १० कोटींवर गेले, तरी ४ कोटी जमिनीच्याच मूल्यातून जातात.

रुंद रस्त्याचा लाभही दिसतो तेवढा नसतो. हाच भूखंड ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर असता, तर फंजिबलसह सुमारे १,७९५ चौरस मीटरच बांधता आले असते. मात्र टीडीआर आणि जादा अधिमूल्याचा खर्चही वाचला असता. शुल्के ४ कोटी आणि इतर खर्च त्याच प्रमाणात धरल्यास जमिनीचे मूल्य १५ कोटींच्या आसपास येते. बांधकाम ४५ टक्क्यांनी घटले, पण मूल्य २० टक्क्यांच्या जरा वर घटले. कारण वाढीव क्षेत्राचा बराच भाग विकतच घ्यावा लागतो. 'आमच्या जागेवर एवढे मजले चढतील' या भरवशावर किंमत सांगणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

भाडेकरू : मूल्यातील भागीदार

जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर किंवा मागच्या आउटहाउसमध्ये बहुधा दोन-चार भाडेकरू असतात. भाडे नाममात्र, पण हक्क भक्कम. १९९९ च्या कायद्याने भाडेहक्क हस्तांतरित होताना मालकाला मोबदला घेण्याची मुभा दिली आणि पागडीला कायदेशीर चौकट मिळाली. अशा घराचे मूल्य रिकाम्या घराप्रमाणे लावणे ही मोठी चूक ठरते.

वरच्याच उदाहरणात चार भाडेकरूंना प्रत्येकी ६० चौरस मीटरची घरे विनामूल्य द्यायची असतील, तर २४० चौरस मीटर, म्हणजे ६ कोटींची विक्री कमी होते. विकासकाचा नफा १.२ कोटींनी घटतो, परंतु तीन वर्षांच्या पर्यायी निवासाचे भाडे वाढते. प्रत्येकी महिना ५० हजार धरल्यास ते ७२ लाख होते. जमिनीचे मूल्य साडेपाच कोटींनी उतरून १३.३ कोटींवर येते. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींना पुनर्विकासात ३ निर्देशांक व त्याखालील प्रोत्साहन क्षेत्राचा लाभ मिळू शकतो आणि भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे घर द्यावे लागते. म्हणून बंगला उपकरप्राप्त आहे की नाही, हे महापालिकेच्या मालमत्ता कराच्या देयकावरून आधीच तपासून घ्यावे.

वारशाचे ओझे की वारशाचे मोल?

मुंबईचे वारसा नियम १९९५ मध्ये लागू झाले. त्यांनुसार वास्तूंची वर्गवारी पहिली, दुसरी-अ, दुसरी-ब आणि तिसरी अशा श्रेणींत केली जाते. पहिल्या श्रेणीत बदलांना जवळजवळ वाव नसतो. खालच्या श्रेणींत मुंबई वारसा संवर्धन समितीच्या संमतीने काही बदल शक्य असतात. यादीत नाव आले की पाडकामावर आधारलेला अवशिष्ट मूल्याचा हिशेब कोसळतो. वापरता न येणाऱ्या चटईक्षेत्राच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क मिळण्याची तरतूद नियमांत आहे. त्या हक्कांचे बाजारमूल्य अहवालात स्वतंत्रपणे दाखविले पाहिजे, अन्यथा मालकाचे नुकसान होते.

यादीत नसलेल्या वास्तूचे काय होते, हे 'मेहरांगीर'ने दाखविले. मलबार हिलवरील लिटल गिब्ज रोडवरचा हा बंगला डॉ. होमी भाभा यांचे निवासस्थान. त्यांचे बंधू जमशेद भाभा यांच्या पश्चात तो राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राकडे, म्हणजे एनसीपीएकडे आला. जून २०१४ मध्ये त्याचा लिलाव झाला. भूखंड १,५९३ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १७,१५० चौरस फुटांचा. राखीव किंमत २५७ कोटी रुपये होती. अंतिम बोली ३७२ कोटींवर गेली. जाणकारांनी ठरविलेल्या किमान रकमेपेक्षा ती सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक होती. भूखंडाच्या चौरस फुटाला हा दर २ लाख १७ हजारांच्या घरात जातो. भाभांच्या स्मृतीसाठी वास्तू जपावी, अशी मागणी अणुशक्ती क्षेत्रातील कर्मचारी व शास्त्रज्ञांनी केली होती आणि प्रकरण उच्च न्यायालयातही गेले होते. लिलाव मात्र थांबला नाही आणि २०१६ मध्ये वास्तू पाडण्यात आली. भारतीय अणुकार्यक्रमाच्या शिल्पकाराचे घर म्हणून असलेले तिचे मोल कोणत्याही रकान्यात बसणारे नव्हते.

ब्रीच कँडीच्या 'लिंकन हाऊस'ची कथा वेगळी. वांकानेरच्या महाराजांचा हा महाल १९५७ मध्ये ९९९ वर्षांच्या पट्ट्याने अमेरिकी सरकारकडे गेला आणि २०११ पर्यंत तेथे वकिलात होती. २०१५ मध्ये उद्योगपती सायरस पूनावाला यांनी तो ७५० कोटींना घेण्याचा व्यवहार जाहीर केला. मात्र सरकारी आक्षेपांमुळे तो वर्षानुवर्षे रखडला. आकडा जाहीर झाला म्हणजे मूल्य हाती आले, असे नसते. हक्क निर्वेध नसेल तर तो आकडा कागदावरच राहतो.

चार भावंडे आणि एक घर

बंगल्याच्या मूल्यांकनाची सर्वांत नाजूक वेळ वाटणीची. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क मिळाला. राहत्या घराची वाटणी मागण्यास स्त्री वारसांना आडकाठी करणारे कलम २३ देखील त्याच वेळी वगळण्यात आले. पारशी कुटुंबांत मुला-मुलींचे हिस्से १९९१ च्या दुरुस्तीने समान झाले. त्यामुळे 'बहिणींना काहीतरी देऊन टाकू' हा जुना तोडगा आता कायद्यापुढे टिकत नाही. 'काहीतरी'च्या जागी नेमका आकडा लागतो.

समजा भावंडे चार, घर वरच्या उदाहरणातले. प्रत्येकाच्या वाट्याला ४.७ कोटी येतात. एक भाऊ आईसह त्याच घरात राहतो. त्याला घर ठेवायचे असेल, तर इतर तिघांना मिळून १४.१ कोटी द्यावे लागतील. एवढी रक्कम पगारदार वा निवृत्त माणसाकडे नसते. त्याला वाटते, आपण तर राहतो आहोत, पाडून बांधणार थोडेच? मग पाडण्याच्या हिशेबाने किंमत का? बाहेरच्या तिघांना वाटते, आज आपण कमी घेतले आणि उद्या त्याने विकासकाला दिले, तर? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि केवळ मूल्यांककाच्या अहवालाने हा पेच सुटत नाही. करारात एक अट घालून मात्र तो पुष्कळसा सुटू शकतो : ठरावीक वर्षांत घर विकले किंवा विकसनास दिले, तर वाढीव रकमेत सर्वांचा हिस्सा राहील. मग आजचे मूल्य वापराच्या हिशेबाने धरता येते आणि कोणावर अन्याय होत नाही.

न्यायालयात गेल्यास १८९३ चा विभाजन कायदा लागू होतो. घराचे तुकडे करणे सोयीचे नसेल, तर निम्म्या वा अधिक हिश्शाच्या धारकांच्या विनंतीवरून न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकते. त्यावर इतर सहहिस्सेदार ठरविलेल्या मूल्यावर तो हिस्सा विकत घेण्याची परवानगी मागू शकतात. कुटुंबाबाहेरच्या माणसाने अविभक्त राहत्या घरातील हिस्सा विकत घेऊन वाटणीचा दावा लावला, तरी कुटुंबीयांना तो हिस्सा मूल्यांकनाने परत घेता येतो. या कारणानेच अविभक्त हिश्शाला बाजारात कमी भाव मिळतो, १८.८ कोटींच्या घराचा चौथा हिस्सा तिऱ्हाईताला ४.७ कोटींना विकला जात नाही.

कराचा आकडा, जुन्या तारखेचा

विक्रीनंतर प्राप्तिकराचा प्रश्न येतो. २००१ पूर्वी मिळालेल्या घरासाठी १ एप्रिल २००१ चे वाजवी बाजारमूल्य खरेदीखर्च म्हणून धरता येते. मात्र ते त्या दिवसाच्या मुद्रांक मूल्यापेक्षा अधिक असता कामा नये. २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन नफ्यावर महागाई निर्देशांकाविना १२.५ टक्के दर लागू झाला. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना मात्र निर्देशांकासह २० टक्के आकारणी करून, जो कर कमी असेल तो भरण्याची मुभा राहिली.

२००१ चे मूल्य दीड कोटी ठरले, तर १८.८ कोटींच्या विक्रीवर १२.५ टक्क्यांनी सुमारे २.१६ कोटी कर येतो. तेच मूल्य ४ कोटी ठरले, तर २०२५-२६ च्या ३७६ या निर्देशांकाने खर्च १५.०४ कोटी होतो आणि कर सुमारे ७५ लाखांवर येतो, अधिभार वेगळा. पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका दिवसाचे मूल्य काळजीपूर्वक काढले म्हणून असा कोटीभराचा फरक पडतो. नफा दुसऱ्या घरात गुंतविण्याच्या सवलतीला २०२३ च्या अर्थसंकल्पाने १० कोटींची मर्यादा घातली, हेही मोठ्या बंगल्यांच्या मालकांनी जाणून असावे.

विक्रीची रक्कम मुद्रांक मूल्यापेक्षा १० टक्क्यांहून अधिक कमी असेल, तर कर मुद्रांक मूल्यावरच बसतो. २०२५ च्या १ एप्रिलला मुंबईतील सरकारी दर सरासरी ३.३९ टक्क्यांनी वाढले. सरकारी तक्ता घरातील भाडेकरू, पट्ट्याच्या अटी किंवा हक्काचे वाद पुरेसे ओळखत नाही. अशा वेळी करदात्याला विभागाच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठविण्याची मागणी करता येते. त्यासाठी आपला अहवाल आधीच हाती असणे शहाणपणाचे.

अहवाल मागविण्यापूर्वी

मूल्यांककाकडे जाताना मिळकत पत्रिका, भाडेपट्टा, महापालिकेचे मंजूर नकाशे, एफ-उत्तर विभागातील मिळकत असल्यास तिच्या विकास आराखड्याची टिप्पणी, कराची देयके, भाडेकरूंची यादी व पावत्या, मृत्युपत्र वा वारस दाखला आणि प्रत्यक्ष मोजणीचा नकाशा सोबत ठेवावा. कागदावरचे क्षेत्रफळ आणि जागेवरचे क्षेत्रफळ अनेकदा जुळत नाही; रस्तारुंदीकरणात गेलेली पट्टी मालकाच्या स्मरणातही नसते.

मूल्यांकक नोंदणीकृत असावा आणि त्याचे मानधन निघणाऱ्या आकड्यावर अवलंबून नसावे. अहवालात तारीख, हेतू, कोणत्या हक्काचे मूल्य आणि कोणती गृहीतके, या चार गोष्टी स्पष्ट असाव्यात. विक्रीचा दर किंवा परवानगीचा काळ थोडा बदलला, तर उत्तर किती बदलते, तेही दाखवावयास सांगावे. कुटुंबात मतभेद असल्यास दोन्ही बाजूंनी दोन तज्ज्ञ नेमण्यापूर्वी सर्वांनी मिळून एकाच तज्ज्ञाला एकच लेखी प्रश्न विचारणे अधिक स्वस्त पडते.

बंगल्याचा जिना, ओसरी आणि विहीर यांचे मोल कोणत्याच तक्त्यात नसते. ते कुटुंबाने आपसांत ठरवावयाचे असते, पण तेही डोळसपणे. घर राखण्यासाठी आपण किती रक्कम सोडून देत आहोत किंवा ती रक्कम मिळविण्यासाठी काय गमावीत आहोत, हे चोख मूल्यांकनानेच कळते. निर्णय मग घर राखण्याचा असो वा विकण्याचा. भावंडांनी तो एकाच आकड्याकडे पाहून घेतलेला असला, म्हणजे घर गेले तरी नाते उरते.